बावन्न दरवाजांचं बडबडगीत

लासूर गाव वेगळं आणि लासूर स्टेशन वेगळं. गाव शिवना नदीच्या काठचं, दाक्षायणी देवीचं. स्टेशन मात्र रुळांनी जन्माला घातलेलं. 1900 च्या सुमारास निजामाच्या राज्यात मनमाडहून सिकंदराबादकडे मीटरगेज रेल्वे निघाली. तिच्या एका थांब्याभोवती आडत, वखारी, दुकानं, शाळा असं करत करत दुसरंच गाव उभं राहिलं. पुढे 1990 च्या दशकात रूळ रुंद झाले. कांदा आणि कापूस यांच्या हिशेबात गुंतलेल्या या गावाचं दिवसाचं घड्याळ आजही बरंचसं गाड्यांवर चालतं.

इथून संभाजीनगरच्या बाजूला निघालं की पुढचं स्टेशन पोटूळ आणि त्याच्या पुढचं दौलताबाद. म्हणजे यादवांची देवगिरी लासूरच्या पोरापासून फक्त दोन स्टेशनं लांब आहे. त्यानंतर चारशे वर्षं जुनं शहर. तिथून रस्त्यानं तासाभरात वेरूळ. दुसऱ्या दिशेला पैठण, सातवाहनांची राजधानी. जगातल्या फार थोड्या मुलांच्या वाट्याला असा शेजार येतो. तरी या मुलाच्या हातात पहिलं चित्रांचं पुस्तक पडतं तेव्हा त्यात सफरचंद असतं, बर्फातलं घर असतं आणि मोबाइलवरच्या इंग्रजी बालगीतात लंडनचा पूल पडत असतो.

लंडनच्या पुलाशी भांडण नाही. त्याचं गाणं झालं म्हणून तो लासूरपर्यंत पोचला, एवढंच लक्षात घ्यायचं. संभाजीनगरच्या भडकल दरवाजाचं गाणं झालं नाही, म्हणून तो चाळीसेक किलोमीटरसुद्धा चालून आला नाही.

शाळेच्या वाटेनं आपला जिल्हा मुलाला भेटतो तो तिसरीत. बालभारतीनं तिसरीच्या परिसर अभ्यासाची पुस्तकं जिल्हावार काढली, हे चांगलंच काम झालं. पण तिसरीतलं मूल आठ वर्षांचं असतं. त्याला परीक्षा कळायला लागलेली असते आणि किल्ला म्हटलं की तो कोणी, कधी, कुठे बांधला हे तीन प्रश्न आठवतात. दोन ते सात या वयात, जेव्हा मूल तेच पुस्तक रोज रात्री पुन्हा पुन्हा वाचायला लावतं आणि एक ओळ गाळली तर हात धरतं, तेव्हा त्याच्या मांडीवर त्याचं शहर नसतं. मराठीत किल्ल्यांची माहितीपुस्तकं पुष्कळ आहेत. पण शहर हिंडवून आणणारं, मोठ्या चित्रांचं, यमकात बोलणारं पुस्तक सहज हाती लागत नाही.

पॅरिसच्या बारा मुली

मुलांसाठी चित्रं आणि शब्द एका पानावर आणण्याचं श्रेय सहसा योहान कोमेनियसला देतात. मोराव्हियाच्या या शिक्षकाचं सचित्र पाठ्यपुस्तक 1658 मध्ये न्यूरेंबर्गला छापलं गेलं. त्याच सुमाराला इकडे औरंगाबादेत, म्हणजे आजच्या संभाजीनगरात, बीबी का मकबऱ्याचं काम चाललं होतं.

शहराला यमकात बसवण्याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण मात्र 1939 चं. लुडविग बेमेलमन्स यांचं 'मॅडेलिन'. पॅरिसमधल्या एका जुन्या घरात राहणाऱ्या बारा मुली, त्यातली सगळ्यांत लहान मॅडेलिन. दोन ओळींत यमक, लगेच पान उलटलं. मुली रांगेनं फिरायला निघतात, पाऊस पडतो, कोणीतरी आजारी पडतं, दवाखान्यात जावं लागतं. आणि या सगळ्याच्या मागे आयफेल टॉवर उभा आहे, नोत्र दाम आहे, ऑपेरा आहे. गोष्टीत त्यांची माहिती येत नाही. कोणी बांधलं, किती उंच, काही नाही. मूल मुलींच्या मागे मागे जातं आणि पॅरिस आपोआप ओळखीचं होतं.

वीस वर्षांनी, 1959 मध्ये, मिरोस्लाव शासेक या प्राग सोडून आलेल्या चित्रकारानं पॅरिस आणि लंडनवर पुस्तकं केली. पुढे रोम, न्यूयॉर्क, व्हेनिस असं करत ही माला अठरा पुस्तकांची झाली. शासेक गद्यात लिहायचा, पण थट्टेखोर गद्यात. राजवाड्याशेजारी त्याला पोलिसाची टोपी दिसायची, मांजर दिसायचं, बसचा रंग दिसायचा. मोठी माणसं ज्या गोष्टी ओलांडून स्मारकाकडे जातात, तिथे मूल थांबतं हे त्याला ठाऊक होतं.

या दोघांकडून उचलावं असं एकच सूत्र आहे: माणूस पुढे, इमारत मागे. आपल्याकडे पर्यटनाच्या पुस्तिकेत ते नेमकं उलटं होतं. इमारत पानभर आणि माणसं फोटोतून हाकललेली.

जत्रेतलं शहर

हे सगळं बाहेरून आणावं लागेल असं वाटत असेल तर आधी पैठणला जावं. एकोणिसाव्या शतकातली मोठ्या कागदांवरची चित्रं, ठसठशीत डोळे, लाल-पिवळे रंग, पानं पाठीला पाठ लावून चिकटवलेली. पैठणच्या भागात सापडली म्हणून या शैलीला पैठणचं नाव मिळालं. पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालयात ती पाहायला मिळतात. ही भिंतीवर लावायची चित्रं नव्हेत. चित्रकथी एकेक पान समोर धरायचा आणि गात गात रामायण-महाभारतातली गोष्ट सांगायचा. सिंधुदुर्गात पिंगुळीला ही परंपरा अजून चालू आहे. तिथल्या परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली. समोर चित्र, कानात गाणं आणि पान उलटायची वेळ ठरलेली. चित्रपुस्तकाची सगळी रीत यात आहे. फक्त ते छापलेलं नव्हतं आणि एका मुलासाठी नव्हतं, गावासाठी होतं.

त्यानंतर जत्रेतला बायस्कोप. पत्र्याची पेटी, तिला गोल भिंगं, आत गुंडाळीवर फिरणारी चित्रं आणि बाहेर घुंगरू वाजवत यमकं जुळवणारा माणूस. आज हा बायस्कोपवाला बहुतेकांना मुमताजमुळे आठवतो, 'दुश्मन' चित्रपटातल्या गाण्यामुळे. पण खेड्यातल्या कित्येक पिढ्यांनी दिल्ली, आग्रा आणि मुंबई पहिल्यांदा पाहिली ती याच भिंगातून, अर्ध्या हिंदीत, अर्ध्या मराठीत, ठेक्यावर. पुस्तकाच्या दुकानापासून लांब राहणाऱ्या मुलांसाठी निघालेली ती यमकातली शहरसफर होती.

त्याच्याही मागे जावं. मोरपिसांची टोपी घातलेला वासुदेव पहाटे दारात उभा राहून एकेका गावाचा देव आळवत जातो: पंढरपूर, जेजुरी, तुळजापूर. अंथरुणात पडल्या पडल्या मूल महाराष्ट्राचा नकाशा ऐकतं. नामदेवांच्या नावावर असलेली 'तीर्थावळी' म्हणजे ज्ञानदेवांबरोबरच्या प्रवासाचं अभंगातलं वर्णनच. आणि जात्यावरच्या ओव्यांमध्ये तर पंढरीची वाट टप्प्याटप्प्यानं येते. हेमा राइरकर आणि गी पॉइटेव्हां यांनी गावोगाव हिंडून जमवलेल्या ओव्यांची संख्या एक लाखाच्या वर आहे. 2017 पासून त्या 'परी' या ऑनलाइन संग्रहातून लोकांपुढे येत आहेत. ज्या बाईनं गावाची शीव फारशी ओलांडली नाही, तिला वाटेतली गावं क्रमानं पाठ होती, कारण ती ठेक्यात बसवलेली होती.

छापील मराठीत या रस्त्यानं गेलेलं मोठं नाव विंदा करंदीकरांचं. त्यांचं 'राणीची बाग' 1961 मध्ये आलं. मुंबईतली 1862 पासून लोकांसाठी खुली असलेली खरीखुरी बाग त्यांनी बालकवितेत आणली, तीही सहलीच्या निबंधासारखी नाही तर प्राण्यांशी गप्पा मारत. मुंबई न पाहिलेल्या मुलांनाही त्या बागेचा पत्ता मिळाला. चित्रांच्या बाजूनं माधुरी पुरंदरे यांनी रस्ता रुंद केला. त्यांच्या 'चित्रवाचन'मध्ये शब्दच नाहीत. गजबजलेली चित्रं आहेत आणि मूल त्यात बोट फिरवत स्वतःची गोष्ट सांगतं. या दोन वाटा अजून एका शहराच्या चौकात एकत्र यायच्या आहेत.

यमकात काय बसतं

संभाजीनगर त्यासाठी फार सोयीचं शहर आहे. त्याची नावंच मुळात तोंडात घोळवावीशी आहेत. 1610 मध्ये मलिक अंबरनं वसवलेली खडकी, 1626 मध्ये फतेहनगर, 1653 मध्ये औरंगाबाद, 2023 मध्ये छत्रपती संभाजीनगर. मोठ्यांच्या तोंडी या नावांचे वाद असतात. मुलासाठी ती एकाच घराची चार दारं आहेत आणि चारही उघडून पाहता येतात. दरवाजांची यादी तर अर्धी कविताच आहे: दिल्ली, पैठण, मकाई, भडकल, रोशन, रंगीन, काळा, खास, नौबत, कटकट. लोक बावन्न दरवाजे म्हणतात. आज उभे आहेत ते त्याच्या कितीतरी कमी. मोजायचा खेळ इथेच मिळतो. पुस्तकाच्या पानापानांत दरवाजे लपवावेत, मुलानं शोधावेत आणि जे पडले त्यांच्या जागी रिकामी चौकट काढावी. पडझड म्हणजे काय, हे चार वर्षांच्या मुलाला असंच सांगता येतं.

या शहराचा संस्थापक हाच मुलांसाठी मोठा नायक आहे. मलिक अंबर इथिओपियात जन्मला. लहानपणी त्याला चापू म्हणत. गुलाम म्हणून तो विकला गेला, हातोहात फिरत दख्खनला आला आणि निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला. भडकल दरवाजा त्यानं 1612 मध्ये बांधला. शहराला पाणी आणणारी नहर त्यानंच खोदवली. 1626 मध्ये तो गेला, कबर खुलदाबादला आहे. हे चार ओळींत सांगता येतं का, म्हणून मी जुळवून पाहिलं:

चापू नावाचा मुलगा होता,
दूर देशाहून आणला होता;
विकला, नेला, परत विकला,
शेवटी त्यानंच गाव वसवला!

यात तारीख नाही, पण खोटं काही नाही. 'विकला' हा शब्द ऐकून मूल थांबेल आणि माणसाला विकतात का, असं विचारेल. त्या प्रश्नाचं उत्तर आईबापाला द्यावं लागेल. पुस्तकानं तेवढं काम आपल्या पदरात टाकलं तर बिघडत नाही.

पाणचक्की त्याहून सोपी, कारण तिला हालचाल आहे आणि आवाज आहे. अठराव्या शतकात बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यापाशी ती उभी राहिली. काही किलोमीटर लांबच्या डोंगराकडून पाणी जमिनीखालच्या नळांतून येतं, भिंतीत वर चढवलं जातं आणि हौदात कोसळतं. त्याच्या जोरावर जातं फिरायचं आणि दर्ग्यातल्या फकिरांसाठी, वाटसरूंसाठी पीठ दळलं जायचं. मोठ्यांना इथे जलव्यवस्थापन दिसतं. मुलाला एवढं पुरे:

डोंगरातून निघालं, नळात शिरलं,
भिंतीवर चढलं, धबकन पडलं,
पडता पडता चाक फिरलं,
फकिराचं पीठ दळून झालं!

दौलताबादला अंधारी वाट आहे, खंदक आहे, तासून गुळगुळीत केलेला कडा आहे, मेंढ्याच्या तोंडाची तोफ आहे, साठ मीटरहून उंच चांदमिनार आहे. किल्ल्याचा सगळा इतिहास, यादव, खिलजी, तुघलक, बहामनी, निजामशाही, मुघल, एका पुस्तकात कोंबायचा मोह होईल. तो आवरावा. अंधारात एकानं हात धरायचा, वटवाघळांचा वास घ्यायचा आणि पलीकडे उजेडात निघायचं. या वयात दौलताबाद एवढंच.

वेरूळच्या कैलासाला तर मराठी पद्यानं पाचशे वर्षांपूर्वीच हात घातला आहे. लेणं आठव्या शतकातलं, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळचं. ते आधी शिखर आणि मग पायथा असं वरून खाली कोरलेलं आहे. कोरून काढलेल्या दगडाचा अंदाज दीड ते दोन लाख टनांचा करतात. कृष्ण याज्ञवल्की यांच्या 'कथाकल्पतरू' या ओवीबद्ध ग्रंथात याची एक आख्यायिका आहे. राणी माणिकावती नवस बोलते की शिवाचं देऊळ उभं राहून त्याचं शिखर दिसेपर्यंत अन्न घेणार नाही. कारागीर हात टेकतात. मग पैठणचा कोकस पुढे होतो आणि देऊळ वरूनच कोरायला घेतो, म्हणजे शिखर आठवडाभरात दिसेल आणि राणी जेवेल. आख्यायिकाच ती. पण लेणं वरून खाली कसं गेलं, हे तिच्यात अचूक उतरलं आहे, आणि भुकेचं कारण कुठल्याही मुलाला पटतं. चित्रकारानं पुस्तक आडवं न धरता उभं धरायला लावावं, पान वरून खाली उलगडावं आणि शेवटी तळाशी देवळाला पाठीवर घेतलेले हत्ती भेटावेत.

यमकाची जबाबदारी

यमकाचं सामर्थ्य आता अभ्यासानंही मान्य केलं आहे. ऑक्सफर्डच्या लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट यांनी 1983 मध्ये 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत छापलेलं काम प्रसिद्ध आहे. चार-पाच वर्षांच्या ज्या मुलांना शब्दांतले सारखे आवाज चांगले ओळखता येत होते, ती पुढे वाचन-लेखनात सरस ठरली. आणि आवाजांचा सराव करून घेतलेल्या मुलांना त्याचा फायदा झाला. लासूरच्या आजीला हे सांगायला नेचर लागत नाही. तिच्या डोक्यात सत्तर वर्षांपूर्वीची बडबडगीतं जशीच्या तशी आहेत.

माझं म्हणणं नेमकं इथेच आहे. गद्यात सांगितलेली चूक पुढच्या इयत्तेत दुरुस्त होते. यमकात घातलेली चूक मरेपर्यंत टिकते. म्हणून लहान मुलांसाठी शहराचं गाणं लिहिणाऱ्याला इतिहासाच्या प्राध्यापकापेक्षा जास्त काळजी घ्यावी लागते. आपल्याकडे समज उलटा आहे: लहान मुलांचंच तर आहे, चालतंय.

बीबी का मकबऱ्याचं उदाहरण घ्या. तिथे दोन वाक्यं कानावर पडतातच. एक, ही ताजमहालाची नक्कल. दोन, मुलानं आईसाठी बांधलं. दोन्ही यमकात सुरेख बसतील, म्हणून दोन्ही तपासायला हवीत.

मकबरा दिलरस बानू बेगम हिचा, औरंगजेबाच्या पत्नीचा. ती 1657 मध्ये गेली. मुख्य दारावरच्या लेखात अताउल्लाह या वास्तुकाराचं आणि हंसपत राय या अभियंत्याचं नाव आहे. अताउल्लाह हा ताजमहालाशी ज्यांचं नाव जोडलं जातं त्या उस्ताद अहमद लाहोरी यांचा मुलगा. म्हणजे नक्कल म्हणून नाक मुरडण्याआधी हे एकाच घरातलं काम आहे, बापाचं आणि लेकाचं, एवढं सांगायला हवं. आणि आईसाठी बांधणारा मुलगा म्हणून ज्याचं नाव घेतात तो आझमशाह जन्मला 1653 च्या जूनमध्ये. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता. इमारत 1660-61 मध्ये उभी राहिली तेव्हा सात-आठ. पहिलीत-दुसरीत बसणाऱ्या पोरानं मकबरा बांधवला, असं मानणं अवघड आहे. म्हणून काम औरंगजेबाच्या हुकमानं झालं असावं, असं मानणारे अभ्यासक आहेत.

आता पाहा, खरी गोष्ट मुलांच्या पुस्तकासाठी खोट्या गोष्टीपेक्षा कितीतरी चांगली आहे. आई गेलेला चार वर्षांचा मुलगा, त्याच्या शहरात हळूहळू वर चढणारा पांढरा घुमट आणि उत्तरेकडून येणारे संगमरवराचे गाडे. वाचणारं मूल त्याच्याच वयाचं. तारीख तपासली म्हणून गोष्ट रुक्ष झाली नाही, उलट ती मुलाच्या उंचीला आली.

पहिलं पान कुठलं

असं पुस्तक निघत का नाही, याचं कारण गूढ नाही. चार रंगांची छपाई महाग, जाड कागद महाग आणि एका शहरावरचं पुस्तक म्हटलं की विक्रेत्याला एकाच जिल्ह्याचं गिऱ्हाईक दिसतं. पॅरिसच्या पुस्तकाला हा प्रश्न पडत नाही, ते जगभर खपतं. पण वाट बंदही नाही. प्रथम बुक्सनं 2015 पासून चालवलेल्या 'स्टोरीवीव्हर'वर खुल्या परवान्यानं मराठीत गोष्ट लिहिता येते, चित्रं घालता येतात, शाळेला छापून घेता येते. त्याच्याही अलीकडे खाकी पुठ्ठा आणि रंगखडू आहेतच. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या एका वर्गानं मोठ्या सोळा पानांचं पुस्तक करून वाचनकोपऱ्यात टांगलं तर त्याला कोणाची परवानगी लागत नाही.

फक्त अशा पुस्तकाची सुरुवात शहरात करू नये. लासूरच्या मुलासाठी पहिलं पान लासूर स्टेशनचंच असावं. फलाट, कांद्याची पोती, तिकिटाची खिडकी, आजोबांची पिशवी. प्रवास म्हणजे घरातून निघणं, हे लहान मुलाला पक्कं कळतं. थेट ताज किंवा थेट मकबरा दाखवला तर ते चित्र कुठल्या तरी दुसऱ्या देशाचं होतं.

लासूर गेलं, पोटूळ आलं,
खिडकीत कोण डोकावलं?
डोंगर आहे, की किल्ला आहे?
तासला कडा, उभाच राहे!

पैठणच्या पोरासाठी पहिलं पान वेगळं, वैजापूरच्या पोरासाठी वेगळं. आतलं शहर तेच, निघायचं ठिकाण आपापलं. हाताने केलेल्या पुस्तकात एवढी एक सोय आहे जी पॅरिसच्या छापील पुस्तकात नाही: पहिलं पान बदलून शिवता येतं.

आणि पुस्तक चांगलं झालं की नाही, हे बक्षिसांवरून ठरवू नये. पाठ झालेल्या ओळी म्हणत मूल एके दिवशी खरोखर मकबऱ्यापुढे उभं राहील. तिथे कोणी तरी सवयीनं सांगेल, मुलानं आईसाठी बांधलं. त्या वेळी ते मूल मान वर करून म्हणालं की तो तर माझ्याएवढाच होता, तर कवीनं, चित्रकारानं आणि तपासनिसानं आपलं मानधन वसूल झालं समजावं.